चॅप्लिनच्या 'ट्रॅम्प'ला विदूषक म्हणावं का?

प्रश्न असा आहे : चार्ली चॅप्लिनने पडद्यावर रंगवलेल्या 'ट्रॅम्प'ला (इंग्रजीत ट्रॅम्प म्हणजे ना घर ना काम, असा भटकणारा माणूस) मराठी लेखांत सर्रास 'विदूषक' म्हणतात, ते बरोबर आहे का? नसेल तर दुसरा शब्द कोणता?

मला तरी ते पटत नाही. संस्कृत नाटकातला विदूषक हा राजाचा वयस्य, म्हणजे जिवलग मित्र. जातीने ब्राह्मण, बोलणं प्राकृतात, लक्ष सगळं खाण्यावर. 'शाकुंतला'तला माधव्य दुष्यंताची थट्टा करतो ती राजाशी ऊठबस आहे म्हणून. ('मृच्छकटिका'तल्या मैत्रेयाचा मित्र चारुदत्त कफल्लक खरा, पण मैत्रेय त्याच्या घरचाच.) तमाशातला सोंगाड्या भर वगात राजाची फिरकी घेतो, तीही फडातला हक्काचा गडी म्हणूनच. दोघांनाही थट्टेची मुभा आहे. ट्रॅम्पला पाठ टेकायला जागा नाही.

'सिटी लाइट्स' (१९३१) कसा सुरू होतो बघा. 'शांती आणि समृद्धी'च्या स्मारकाचं अनावरण चाललंय. आवरण वर जातं, तर पुतळ्याच्या मांडीवर हे महाशय गाढ झोपलेले! घाईघाईने उतरताना पुतळ्याच्या तलवारीत विजार अडकते, तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू होतं, आणि हा लटकल्या लटकल्या ताठ उभं राहायची धडपड करतो. महामंदीच्या काळातल्या समृद्धीवर तो एक शब्दही बोलत नाही. 'मॉडर्न टाइम्स'मध्ये (१९३६) लॉरीवरून पडलेलं निशाण परत द्यायला धावतो, मागून कामगारांचा मोर्चा येतो आणि पोलीस त्यालाच पुढारी समजून धरतात. टोमणे मारणं हे विदूषकाचं काम. याला त्याची गरजच पडत नाही.

'भटक्या' शब्दशः जवळचा. अमेरिकेत १८७३च्या मंदीनंतर बेकार फिरणाऱ्यांना पकडायला कायदे झाले, त्यामुळे 'ट्रॅम्प' या मूळ शब्दालाही पोलीसचौकीचा वास आहेच. पण मराठीत 'भटके' म्हटलं की भटके-विमुक्त आठवतात, १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का आठवतो. ट्रॅम्पच्या मागे ना जमात, ना तांडा. 'सडाफटिंग' म्हणावं तर त्यात मोकळेपणा येतो, उपाशीपण येत नाही. हिंदीने राज कपूरच्या १९५१च्या चित्रपटापासून 'आवारा' रुळवला. आपल्याकडे तो शब्द उसनाच वाटतो.

माझं मत 'भणंग'ला. अडचण एकच : भणंगाला ऐट नसते, आणि याची डर्बी टोपी, काठी, तोकडा कोट म्हणजे निव्वळ ऐट. म्हणून नाव 'ट्रॅम्प'च ठेवावं आणि वर्णनात 'ऐटबाज भणंग' लिहावं.

जाता जाता : फ्रेंच दिग्दर्शक-नट झाक ताती याने स्वतःच रंगवलेल्या म्युस्यू ह्युलो या पात्रालाही काही जण 'विदूषक' म्हणतात. तो तर भणंगही नाही. पाइप, रेनकोट, छत्री, राहायला खोली, सगळं आहे. त्याला सरळ 'वेंधळा' म्हणावं. मात्र 'प्लेटाइम'मध्ये (१९६७) त्याच्या हातून रेस्तराँचं काचेचं दार फुटतं, तेव्हा द्वारपाल नुसती मूठ हवेत धरून गिऱ्हाइकांसाठी नसलेलं दार उघडत राहतो, आणि गिऱ्हाइकंही त्या 'दारा'तून रुबाबात आत येतात. तिथे वेंधळा नक्की कोणाला म्हणायचं, हे शब्दकोश सांगणार नाही.