ट्रेड चालू असताना छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही. हा ताण कमी कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की सौदा घेतला की धडधड सुरू होते, भाव स्टॉपलॉसजवळ (तोटा थांबवायला आधी ठरवलेल्या भावाजवळ) आला की तो स्टॉपलॉस आणखी खाली सरकवला जातो आणि पोझिशन उघडी असली, म्हणजे सौदा मिटवलेला नसला, की रात्रभर डोळा लागत नाही. मन खंबीर करण्याचे उपाय शोधण्याआधी क्वांटिटी, म्हणजे एका सौद्यात किती शेअर घेता ते, तपासा. माझ्या मते यातला बराचसा ताण तिथूनच येतो.

हिशोब असा. भांडवल १,००,००० धरा आणि एका सौद्यात जास्तीत जास्त १ टक्का, म्हणजे १,००० जाऊ द्यायची तयारी ठेवा. शेअर ५०० ला घ्यायचाय आणि चार्टनुसार आपला अंदाज चुकला हे ४९० ला कळणार आहे. एका शेअरमागे जोखीम १०. १,००० भागिले १०, म्हणजे १०० शेअर. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. मार्जिन (थोड्या पैशांवर मोठा सौदा करायची ब्रोकरची सोय) मिळतंय म्हणून ५०० शेअर घेतात, मग ४९० ला ५,००० जाणार हे दिसल्यावर घाबरून स्टॉपलॉस ४९८ वर आणतात. त्या शेअरचा १४ दिवसांचा एटीआर (दिवसाची सरासरी हालचाल) ६ असेल, तर २ ची हालचाल म्हणजे त्याचं रोजचं श्वास घेणं. स्टॉपलॉस लागतो, भाव पुन्हा ५१० ला जातो आणि माणूस चिडून परत उडी मारतो. म्हणून आधी स्टॉपलॉसची जागा, मग क्वांटिटी. हा क्रम कधीच बदलू नका. फ्युचर्समध्ये (पुढच्या तारखेच्या करारांत) एका लॉटचीच, म्हणजे शेअरच्या ठरलेल्या गठ्ठ्याचीच, जोखीम ४ टक्के निघत असेल, तर ते साधन सध्याच्या भांडवलाला झेपणारं नाही. लॉट अर्धा करता येत नाही, तेव्हा तो सौदा सोडून द्यायचा.

१ टक्काच का? ५० टक्के वेळा जिंकणारी पद्धत घ्या. १०० सौद्यांत कुठे ना कुठे सलग ५ तोटे येण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के असते. म्हणजे ते येणारच असं धरून चाला. दर सौद्याला १ टक्का जोखीम असेल तर त्या पाचांत भांडवल ५ टक्क्यांहूनही किंचित कमी घटतं. १० टक्के लावत असाल तर ४१ टक्के जातं आणि मूळ जागी यायला उरलेल्या पैशांवर ६९ टक्के कमवावे लागतात. अशा खड्ड्यात बसून कुणालाच शांत राहता येत नाही.

आता स्क्रीन. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोटा जास्त बोचतो. १९९२ च्या त्यांच्या लेखात हे प्रमाण सुमारे सव्वादोन पट निघालं. मिनिटामिनिटाला भाव जवळपास निम्म्या वेळा खाली जातो. म्हणजे दर मिनिटाला बघणाऱ्याच्या पदरी, दिवस नफ्यात संपला तरी, दुखणंच जास्त पडतं. टर्मिनलवरचा (सौद्याच्या स्क्रीनवरचा) पी अँड एलचा, म्हणजे नफा-तोट्याचा, कॉलम लपवा. तो लाल-हिरवा आकडा तुमच्या पैशांबद्दल सांगतो, सौदा बरोबर आहे की नाही याबद्दल काहीच सांगत नाही. १५ मिनिटांच्या चार्टवर काम असेल तर कँडल (चार्टवरची त्या १५ मिनिटांची पट्टी) पूर्ण झाल्यावर बघा, दिवसाच्या चार्टवर असेल तर बाजार बंद झाल्यावर एकदा. मधल्या वेळेसाठी भावाचा अलर्ट लावून ठेवा.

यासाठी बाहेर पडायची ऑर्डर आधीच सिस्टिममध्ये हवी. 'मनातला स्टॉपलॉस' हा स्टॉपलॉस नव्हे. ओसीओ (जोडीची) ऑर्डर मिळत असेल तर टार्गेट (नफ्यात बाहेर पडायचा भाव) आणि स्टॉपलॉस या दोन्ही ऑर्डर एकदम लावून ठेवता येतात, एक पूर्ण झाली की दुसरी आपोआप रद्द. स्टॉप-लिमिटमध्ये (ठरवलेल्या लिमिटपेक्षा वाईट भावाला न विकणाऱ्या ऑर्डरमध्ये) भाव वेगाने घसरला तर लिमिट ओलांडून निघून जातो आणि ऑर्डर तशीच पडून राहते. स्टॉप-मार्केटमध्ये (मिळेल त्या भावाला विकणाऱ्या ऑर्डरमध्ये) भाव थोडा वाईट मिळेल, पण बहुतेक वेळा सुटका होते. रात्रीच्या गॅपपासून (दुसऱ्या दिवशी भाव एकदम खाली उघडण्यापासून) मात्र दोन्ही वाचवत नाहीत. म्हणून झोप उडत असेल तर पोझिशन रात्रीपुरती निम्मी करा. तरीही जाग येत असेल तर आणखी निम्मी.

स्टॉपलॉस फक्त फायद्याच्या दिशेने हलवायचा. तो काढून ॲव्हरेज करण्याची, म्हणजे पडत्या भावात आणखी शेअर घेण्याची, किंमत बघा: वरच्याच सौद्यात ४९२ ला आणखी १०० शेअर घेतले आणि भाव ४७५ ला आला, तर तोटा २,५०० अधिक १,७००, म्हणजे ४,२००. ठरवलेल्या १ टक्क्याचे ४.२ टक्के झाले, तेही केवळ चूक मान्य करणं टाळल्यामुळे.

दिवसाची मर्यादा ठरवा: दोन पूर्ण स्टॉपलॉस लागले की लॉगआउट. पहिल्या तोट्यानंतर २० मिनिटं खुर्ची सोडा. तोटा भरून काढायची घाई आणि क्वांटिटी दुप्पट करायचा मोह तेव्हाच होतो. चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं तीन-चार मिनिटं करा. लांब उच्छ्वासाने धडधड खरंच उतरते. पण क्वांटिटी चुकीची असेल तर स्क्रीनसमोर परत बसल्यावर ती पुन्हा सुरू होणार.

वहीत सौदा घेण्याआधीच चार ओळी लिहा: का घेतोय, कुठे चुकेन, किती जाईल, आत्ता ताण १० पैकी किती. वीस-तीस सौद्यांनंतर ताण ७ च्या वर असलेले सौदे वेगळे काढा. त्यांत क्वांटिटी मोठी होती का, आदल्या तोट्यानंतर घेतले होते का, झोप अपुरी होती का, हे वहीच दाखवेल.

घरखर्चाचे किंवा उसने आणलेले पैसे बाजारात असतील तर यातलं काहीच पुरणार नाही. ते आधी बाहेर काढा. घरच्यांपासून तोटा लपवणं, तोटा भरायला कर्ज काढणं, थांबायचं ठरवूनही न थांबता येणं, हे होत असेल तर सौदे पूर्ण बंद करून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जुगाराच्या व्यसनावर उपचार असतात आणि बाजारातून लागलेल्या सवयीसाठीही त्यांच्याकडेच जायचं असतं.