टीमचे प्रमुखपद सोडून बिझनेस ॲनालिस्ट व्हावे का?

सप्रेम नमस्कार ताई,

हिंजवडीतील आयटी कंपनीत सहा वर्षे चाळीस जणांच्या टीमचे प्रमुखपद सांभाळल्यावर, वयाच्या ४३व्या वर्षी तुम्हांला बिझनेस ॲनालिस्ट व्हावेसे वाटते; यजमान मात्र याला आपल्या हाताने ओढवून घेतलेली पदावनती म्हणतात. अप्रेझलच्या बैठकांनंतर तुम्हांला रडू येते, पण ग्राहकाबरोबर बसून विमा दाव्याचा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडताना जेवणाचीही आठवण राहत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. नुसता थकवा असता तर मी आधी महिनाभर रजा घ्या म्हटले असते. या वाक्यामुळे मात्र तुम्ही हे काम निवडावे असे मला मनापासून वाटते.

मला प्रतिष्ठेपेक्षा तुमच्या निर्णय देण्याच्या सवयीची अधिक काळजी वाटते. ॲनालिस्टने ग्राहकाच्या मागणीमागची खरी अडचण विचारून काढायची, ती डेव्हलपर आणि टेस्टर यांना एकाच अर्थाने कळेल अशी लिहायची आणि यूएटीच्या (ग्राहकाकडून होणाऱ्या अंतिम चाचणीच्या) वेळी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या शेजारी बसायचे. कोणती मागणी आधी घ्यायची हे मात्र बहुधा प्रॉडक्ट ओनर, म्हणजे त्या उत्पादनाची जबाबदारी असलेला माणूस, ठरवतो, आणि तो तुमच्याहून दहा वर्षांनी लहान असू शकतो. त्याचे ठरवणे तुम्हांला चुकीचे वाटले, तर एकदा पुराव्यासह स्पष्ट सांगून, पुढे त्याच निर्णयावर मन लावून काम करणे जमेल का? तुमच्या पत्रातला समंजसपणा पाहता जमेल, पण सुरुवातीचे महिने जड जातील, त्याची तयारी ठेवा.

राजीनामा एवढ्यात देऊ नका. आधी आपल्याच कंपनीत एका प्रकल्पावर ही भूमिका मागून घ्या, कारण विमा क्षेत्राची तुमची जाण तिथले लोक ओळखतात. मधल्या काळात डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या एसक्यूएल भाषेचा सराव पुन्हा सुरू करा. आयआयबीए या बिझनेस ॲनालिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सीबीएपी या प्रमाणपत्र परीक्षेसाठी मागील १० वर्षांतला ७,५०० तासांचा विश्लेषणाचा अनुभव दाखवावा लागतो; त्यात माणसे सांभाळण्याचे तास धरता येणार नाहीत, म्हणून रिक्वायरमेंट, म्हणजे ग्राहकाच्या गरजा, गोळा करण्यात आणि लिहिण्यात गेलेले तास प्रकल्पवार मांडून पाहा. ते कमी पडले तर त्याच संस्थेची ३,७५० तासांची सीसीबीए ही खालच्या पातळीची परीक्षा आहे.

मुलाखतीत 'वरचे पद का सोडता?' हा प्रश्न येईलच. तेव्हा जुन्या जागेची गाऱ्हाणी सांगू नका, तो विमा दाव्याचा प्रसंग सांगा.

यजमानांचा विरोध मला केवळ मानापमानाचा वाटत नाही. घरकर्जाची अजून नऊ वर्षे आहेत, हे तुम्हीच लिहिले आहे. तेव्हा पगार किती उतरला तरी हप्ता आणि मुलीची फी सुरळीत जाईल, तो आकडा दोघांनी मिळून कागदावर काढा, आणि त्याखालची ऑफर आली तर थांबायचे, हेही त्याच वेळी ठरवून टाका.

तुमची,
मावशी