टीएसएच नॉर्मल, गोळी रोज चालू, तरी थकवा जात नाही. डोस वाढवून घेऊ का?

ताई, तुम्ही लिहिलंय की थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी दोन वर्षं चालू आहे, टीएसएच ३.९ (मेंदूतून थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, ते वाढलं म्हणजे थायरॉईड कमी पडतंय), डॉक्टर म्हणतात नॉर्मल, पण दुपारी ऑफिसात डोळे मिटतात, मूठभर केस जातात, वजन हलत नाही, म्हणून आपणच १०० सुरू करू का. नका करू. मी डॉक्टर नाही, डिचोलीला राहतो, नोकरी पणजीला, ९ वर्षं ही गोळी खातोय एवढीच माझी लायकी. पण वाढलेल्या डोसाचं काय होतं ते अंगावर काढलंय म्हणून सांगतो.

माझं सुरू झालं आवाजापासून. देवळातल्या भजनात पेटीच्या काळी दोन पट्टीत गायचो, तो त्याहून खालच्या पांढरी एकला पण आवाज घोगरा यायला लागला, सगळे म्हणाले थंड पाणी पितोस. तपासलं तर थायरॉईड कमी. मग गोळी ७५, मग १००, मग १२५, कारण टीएसएच दर वेळी ८-९ यायचा. मी एक दिवस चुकवत नव्हतो हो, पण घेतो कशी ते कोणी विचारलंच नाही. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की उठायचं, थायरॉईडची गोळी आणि ॲसिडिटीची गोळी दोन्ही एकाच घोटाला, कारण दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन्हीवर ‘उपाशीपोटी’ लिहिलेलं, मग लगेच चहात गरम उंडो (गोल पाव) बुडवून खायचा आणि पळत बस. बाटली गॅसच्या वरच्या फळीवर. पावसाळ्यात आमच्याकडे मीठ पाणी सोडतं, तिथे त्या एवढ्याशा गोळ्या दमट वाफेत चार महिने.

शेवटी एका एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) गेलो तर त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी विचारलं, गोळीनंतर चहा किती वेळाने? आणि वजन किती? ५८ किलो. म्हणाले, ग्रंथी पूर्ण बंद पडली तरी किलोला साधारण १.६ मायक्रोग्रॅम पुरतात, म्हणजे तुम्हाला ९०-९५, मग १२५ घेऊनही टीएसएच ८ म्हणजे गोळी पोटात जातेय पण रक्तात पोचत नाहीये. ही गोळी विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि मी वर्षानुवर्षं आम्ल बंद करायची गोळी खात होतो. यातली मेख अशी की कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांना चार तासांचं अंतर ठेवलं की भागतं, पण पॅन्टोप्राझोलसारखी गोळी दिवसभर आम्ल दाबून ठेवते, तिला अंतर ठेवून फारसा उपयोग नाही. त्यांनी ती हळूहळू सोडवली (एकदम सोडली तर जळजळ उसळते), थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर, पुढे पाऊण तास चहा नाही, बाटली बेडरूमच्या कपाटात.

आणि मग गंमत. दीडेक महिन्यात १२५ची गोळी सगळीच्या सगळी लागायला लागली. रात्री छातीत धडधड, भजनात टाळ धरलेला हात थरथरतोय, टीएसएच ०.१. डोस ८८वर आणला तेव्हा कुठे शांत झालो. म्हणून म्हणतो आपणच वाढवू नका, जास्त डोसाने हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात, बायकांना तर चाळिशीनंतर हे जास्तच जपावं लागतं. आणि डोस बदलला की ६ ते ८ आठवडे थांबायचंच, टी४ (म्हणजे या गोळीतलं हार्मोन) अंगात निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, पंधरा दिवसांनी रिपोर्ट काढून काही कळत नाही.

टीएसएच २ वर आला तरी थकवा होताच, पायांना मुंग्या पण. तेव्हा निघालं बी-१२. मी हसलो, रोज नुस्तं (मासे) खाणाऱ्याला बी-१२ कमी? पण अन्नातलं बी-१२ सुटायलाही तेच आम्ल लागतं, परत तीच ॲसिडिटीची गोळी नडलेली. इंजेक्शनं घेतल्यावर दोन महिन्यांत दुपारची झोप गेली. इतके दिवस सगळं थायरॉईडच्या नावावर खपत होतं.

आता तुमचं. केसांसाठी बायोटिन घेता असं लिहिलंय, ते रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा, काही मशिनींवर त्याने टीएसएच खोटा कमी दिसतो, म्हणजे तुमचा ३.९ खरा कितीय कोण जाणे. कॅल्शियम सकाळी घेत असाल तर रात्रीवर न्या. मग डॉक्टरांना फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी, साखर यांचं विचारा, हिमोग्लोबिन ठीक असलं तरी फेरिटिन तळाला असू शकतं आणि केस त्यानेही जातात. शेजारी बसून वाचणारी बायको म्हणतेय की ४३ वय म्हणजे पाळी जायच्या आधीचे बदल पण असतील ते लिही, तर लिहिलं. घोरत असाल तर झोपेची तपासणी. मन उदास राहत असेल तर तेही सांगा, लाजू नका. वजनाचं म्हणाल तर कडू बोलतो, थायरॉईडने सहसा दोन-चार किलो वाढतात, पंधरा नाही.

टी३ची (थायरॉईडचंच दुसरं हार्मोन) गोळी ऑनलाइन मागवायचा विचार असेल तर सोडा. टी३ झटकन चढतं, झटकन उतरतं, धडधड होते. टी४ आणि टी३ दोन्ही गोळ्या एकत्र देऊन बऱ्याच चाचण्या झाल्या, त्यात सरसकट फायदा दिसला नाही, काहींना बरं वाटतं हे खरं, पण ते बाकी सगळं तपासून झाल्यावर आणि स्पेशालिस्टच्या नजरेखाली. टीएसएच नॉर्मल असून त्रास राहणारे शंभरात पाच ते दहा जण असतात, तेव्हा तुमचं काही मनाचं नाही.

आणि कोणी म्हणेल की इथल्या आगरवाड्याच्या मिठागरांचं गावठी मीठ सोडा, आयोडीनचं खा म्हणजे गोळी सुटेल. आयोडीनचं मीठ घरात असावंच, पण तयार हार्मोन गोळीतून घेणाऱ्याचा डोस मिठाने सुटत नाही.

आवाज माझा काळी एकपर्यंत परत आलाय, काळी दोन नाही, पेटीवाला आता न विचारताच पट्टी उतरवून घेतो.