फॅन फिरायलाय की!

प्रश्न : माझे वडील अहमदपूरला असतात, निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना विंडोज ११ चा लॅपटॉप घेऊन दिला. सातबारा काढायचा, फोटो साठवायचे, एवढंच त्यांचं काम. पण रोज संध्याकाळी फोनवर ‘आता काय दिसतंय?’ असं अर्धा तास चालतं आणि शेवटी दोघंही चिडतो. पुण्यात बसून मला त्यांचा लॅपटॉप चालवता येईल का? यात धोका किती?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : येईल, आणि वेगळं काही विकत घ्यायला नको. विंडोजमध्येच ‘क्विक असिस्ट’ आहे. कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही तीन बटणं एकदम दाबली की ते उघडतं. निलंग्याला माझ्या मामांच्या कीबोर्डवर मामींनी या तिन्ही बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके दिलेत. नाव शोधा, स्पेलिंग टाका, ही कटकटच मिटली.

मायक्रोसॉफ्टचं खातं तुमचं लागतं, वडिलांचं नाही. तुमच्याकडंही विंडोजचा कॉम्प्युटर हवा; नुसत्या मोबाइलवर भागत नाही. तुम्ही कोड काढून फोनवर सांगायचा, त्यांनी तो १० मिनिटांच्या आत टाकून परवानगी द्यायची. एवढ्यानं तुम्हाला फक्त दिसतं. माउस हातात हवा असेल तर पुन्हा मागावा लागतो आणि त्यांना पुन्हा ‘हो’ म्हणावं लागतं. हे सगळं दिवाळीला गावी जाल तेव्हा शेजारी बसून दोनदा करून घ्या. पहिलाच प्रयोग फोनवर केलात तर भांडण ठरलेलं.

माझंच बघा. मामांना एक प्रोग्राम टाकून देत होतो आणि मधेच माझ्याकडं सगळं काळं झालं. मला वाटलं, गेली लाइट! फोन केला, तर मामा म्हणाले, “लाइट हाय की रे, फॅन फिरायलाय.” झालं असं होतं, की विंडोजनं ‘या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का?’ असं विचारलं होतं. ती खिडकी त्यांना दिसते, आपल्याला दिसत नाही. अशा वेळी त्यांच्याकडून ती वाचून घ्यायची आणि त्यांनाच ‘येस’ दाबायला सांगायचं. (लाइट खरोखर गेली, तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण वायफायचा राउटर बंद पडतो. राउटर इन्व्हर्टरवर घ्या.)

काही जण पासवर्ड ठेवून कधीही आत शिरता येईल अशी सोय करतात. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये ६ आकडी पिनवर ते होतं. दुकानासाठी ठीक आहे. वडिलांच्या लॅपटॉपवर मी करणार नाही. आपल्यामागं पडद्यावर बाण आपोआप फिरतोय, हे कुणाला आवडेल?

आता धोका. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणत एनीडेस्क हे असंच लांबून चालवायचं ॲप टाकायला लावायचं आणि खातं धुऊन न्यायचं, हा प्रकार जुना आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच त्याबद्दल सावध केलं होतं. क्विक असिस्टचाही असाच गैरवापर होतो. म्हणून आमच्या घरी एकच नियम आहे : आलेल्या फोनवर कोड टाकायचा नाही, आवाज माझा वाटला तरी. फोन ठेवायचा आणि मामांनी स्वतः माझा नंबर लावायचा. जोडणी चालू असताना बँकेचं पान उघडायचं नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा.

आणि माउस शक्यतो त्यांच्याच हातात राहू द्या. तुम्ही नुसतं बघत सांगा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून मामा आता आपापला काढतात. प्रिंटरमध्ये कागद अडकला, की मात्र अजून शेजारच्या पोराला हाक मारावी लागते.