मुंबईतून बुद्धिबळात कोणी मुलगी मोठी झाली आहे का? लेकीला मुलींच्या गटात खेळवू की खुल्या?

दिव्या देशमुखने विश्वचषक जिंकल्यापासून तुमची अकरा वर्षांची लेक पटावरून उठत नाही. पण दिव्या पडली नागपूरची. मुंबईतून अशी कोणी झाली का, आणि लेकीला मुलींच्या गटात घालावं की मुलगे-मुली एकत्र खेळतात त्या खुल्या गटात, असं तुम्ही विचारलंय. मी दादरला मुलांना बुद्धिबळ शिकवते. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला खाडिलकरांच्या घरात सापडतं.

गिरगावातल्या 'नवाकाळ'च्या खाडिलकरांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीताईंनी जिंकली. पुढची आठ-दहा वर्षं हे विजेतेपद त्या घराबाहेर फारसं गेलंच नाही. १९७९ मध्ये जयश्रीताई महिला इंटरनॅशनल मास्टर झाल्या, हा किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. रोहिणीताईंनी पाच वेळा राष्ट्रीय आणि १९८१ व १९८३ असं दोनदा आशियाई विजेतेपद मिळवलं.

पण या सगळ्या पदकांपेक्षा मला १९७६ सालची गोष्ट मोठी वाटते. तेरा वर्षांच्या रोहिणीताई पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे हे स्वतः माजी विश्वविजेते. महिलांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून वगळता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. एका मुंबईकर शाळकरी मुलीमुळे हे झालं, आणि आज आपल्या किती मुलींना ते माहीत आहे?

  

आता दिव्या. ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वात मोठा किताब. तो मिळवायला एरवी तीन नॉर्म, म्हणजे मोठ्या स्पर्धांत त्या दर्जाची कामगिरी, आणि २५०० रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, लागतं. २०२५ मध्ये ती विश्वचषकासाठी जॉर्जियातल्या बातुमीला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. अंतिम फेरीत कोनेरू हम्पीसारखी कसलेली खेळाडू समोर. दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे डाव बरोबरीत, पहिला रॅपिड, म्हणजे कमी वेळेचा डावही बरोबरीत, आणि दुसरा रॅपिड दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. या विजेतेपदाबरोबर किताब थेट मिळतो, म्हणून एकोणिसाव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. तो विश्वचषक महिलांचा होता हे खरं, त्यामुळे मुलींच्या स्पर्धांना कमी लेखायचं कारण नाही. जिल्हा आणि राज्य निवडीच्या वेळी लेकीला तिथे जरूर पाठवा. बाकी वर्षभर मात्र खुला गट.

का, ते सांगते. मध्यंतरी एका रविवारच्या स्पर्धेत माझ्याकडची एक मुलगी कॉलेजच्या मुलाशी खेळत होती. दोघांकडे एकेक हत्ती, त्याच्याकडे एक प्यादं जास्त. तिने राजा प्याद्याच्या वाटेत ठेवला आणि हत्ती आपल्या बाजूच्या तिसऱ्या ओळीवर धरून ठेवला, म्हणजे समोरच्या राजाला आत येता येईना. कंटाळून त्याने प्यादं त्या ओळीवर ढकललं, तशी तिने हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला नेला आणि मागून शह देत राहिली. डाव बरोबरीत सुटला. हे मी तिला वर्गात कितीतरी वेळा दाखवलं होतं, पण ते हातात बसलं त्या दिवशी, कारण समोरचा तिच्यापेक्षा तगडा होता. आपल्याकडे मुलींच्या गटात नोंदणी अजून कमी असते. ठरावीक चेहरेच परत परत समोर येतात आणि असे डाव फारसे वाट्याला येत नाहीत.

तेव्हा पुढच्या स्पर्धेचा फॉर्म भरताना खुल्या गटावर खूण करा. सुरुवातीला गुण कमी पडतील, रेटिंगही घसरेल, घसरू दे. तिला डावाच्या चाली लिहिलेली स्कोअरशीट तेवढी घरी आणायला सांगा, आणि हरलेला डाव त्याच संध्याकाळी तिच्याकडूनच पटावर मांडून घ्या.