नॅशव्हिलला येऊ पाहणाऱ्या निफाडच्या मुलीला

सानिका, तुझ्या मेलवरून तुझा बेत मला कळला तो असा. वय बावीस, गाव निफाड, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. गिटारवर स्वतःची इंग्रजी कंट्री गाणी लिहितेस. परीक्षा झाली की टुरिस्ट व्हिसावर अमेरिकेत, कंट्री संगीताचं शहर असलेल्या नॅशव्हिलला यायचं, तिथल्या ब्रॉडवे या रस्त्यावरच्या बारमध्ये गायचं, टिपवर भागवायचं आणि जम बसला तर इथेच राहायचं. आईला रात्रीची काळजी, बाबांना पैशांची.

मी इथे बरीच वर्षं आहे. शिकायला आले, लग्न इथेच झालं, ग्रीन कार्ड लग्नामुळे मिळालं. हा काही तुला सुचवावा असा मार्ग नाही, पण लपवण्यात अर्थ नाही. दिवसा एका हॉस्पिटलच्या बिलिंगचं काम करते आणि गाणी लिहिते. गाण्यांवर माझं घर चालत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तूच ठरवशील.

टुरिस्ट व्हिसाचा बेत आजच सोड. त्या व्हिसावर कमाईसाठी गाता येत नाही, आणि समोर ठेवलेली टिपची बरणी ही कमाईच. मालकाने एक डॉलर दिला नसला तरी. ‘सगळे करतात’ असं सांगणारे भेटतील. त्यातल्या बहुतेकांकडे अमेरिकन पासपोर्ट असतो. असं काम केल्याची एकदा नोंद झाली की पुढचा प्रत्येक अर्ज तिच्यासकट उघडतो. एक बारीक सवलत मात्र आहे. बी-१ या कामकाजाच्या भेटीच्या व्हिसावर येऊन स्टुडिओत रेकॉर्डिंग करता येतं, पण ते अमेरिकेबाहेरच विकायचं आणि इथे जाहीर कार्यक्रम करायचा नाही. कोणीही येऊन गावं अशा फुकटच्या ओपन माइकलासुद्धा वकिलाला विचारल्याशिवाय उभी राहू नकोस.

कलाकारांसाठी ओ-१बी नावाचा व्हिसा आहे, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत मिळतो. तो आपण स्वतः मागू शकत नाही, इथल्या मालकाने किंवा एजंटने अर्ज करायचा असतो, आणि तू नावाजलेली आहेस हे कागदावर दाखवावं लागतं. इन्स्टाचे फॉलोअर्स हा त्यातला सगळ्यात लेचापेचा पुरावा. म्हणून बाविसाव्या वर्षी खरा रस्ता उरतो तो शिक्षणाचा. नॅशव्हिलमध्ये बेलमाँट युनिव्हर्सिटीत गीतलेखनाची पदवी आहे. खाजगी आहे, महाग आहे. साधारण पन्नास किलोमीटरवर मर्फ्रीसबरोला मिडल टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटी आहे. ती सरकारी, तिचा रेकॉर्डिंग इंडस्ट्रीचा विभाग मोठा आणि नावाजलेला. शिकताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम चालतं. पदवीनंतर बारा महिने ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयातच काम करायची परवानगी, आणि त्यात संगीतकारांना एकच नोकरी न धरता सुटे कार्यक्रम घेता येतात. फक्त प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, वेळ, कोणाकडे, हे लिहून ठेवायचं. नियम सध्या भराभर बदलतात. फी भरण्याआधी युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला लेखी विचार. कर्ज काढायचं झालं तर बाबांना हेही सांग की ओपीटीच्या वर्षाच्या कमाईतून ते फिटण्याची आशा धरू नका.

आता ब्रॉडवे. तू व्हिडिओत पाहिलेला झगमगाट खरा आहे. सकाळी दहा-अकरापासून मध्यरात्र उलटेपर्यंत एकेका इमारतीच्या तीन-तीन मजल्यांवर बँड वाजत असतात. एक शिफ्ट साधारण चार तासांची, जवळजवळ सलग. समोर लग्नाआधीची पार्टी करायला आलेल्या मुलींचे घोळके, डोक्यावर गुलाबी हॅट. त्यांना तुझं गाणं ऐकायचं नसतं. माहितीचं, सोबत ओरडता येईल असं गाणं हवं असतं आणि त्यासाठी त्या वीस डॉलरची नोट बरणीत टाकतात. गळा तयार होतो, स्टेजची भीती जाते, वाजवणारे ओळखीचे होतात. फायदा इतकाच. तिथे गाताना कोणी येऊन करार देईल ही गोष्ट पर्यटकांना सांगण्यासाठी छान आहे.

या शहराचा खरा धंदा सकाळी साडेदहा-अकराला सुरू होतो, कॉफीचे मग घेऊन. म्युझिक रो म्हणजे सोळाव्या आणि सतराव्या अव्हेन्यूवरची जुनी घरं, त्यांत पब्लिशरांची, म्हणजे गाण्यांचे हक्क सांभाळून ती खपवणाऱ्यांची, ऑफिसं. छोट्या छोट्या खोल्यांत दोघं-तिघं बसतात आणि दुपारी तीनपर्यंत एक गाणं उभं करतात. याला को-राईट म्हणतात. डेंटिस्टकडे घ्यावी तशी वेळ घेतलेली असते, पुढच्या दोन महिन्यांची डायरी भरलेली असते. आपल्याकडे गाणं ‘सुचतं’. इथे ते ठरलेल्या वेळी सुचावं लागतं, नाही सुचलं तरी बसून राहावं लागतं. खोलीत असलेल्या सगळ्यांचा वाटा साधारण सारखा. ‘ती ओळ माझी होती’ असला हिशेब करणाऱ्याला पुन्हा बोलावत नाहीत.

तू लहानपणी हार्मोनियम शिकलीस असं लिहिलं आहेस. मग इथली नंबर सिस्टिम तुला दोन दिवसांत येईल. पन्नासच्या दशकाच्या शेवटी स्टुडिओतल्या गायक-वादकांनी ही पद्धत काढली: कॉर्डचं नाव न लिहिता सप्तकातला आकडा लिहायचा, १, ४, ५. गायिकेच्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलली तरी कागद तोच. आपला सा हलतो तसंच. इथली मुलं याला घाबरतात, तू घाबरू नकोस.

पैशाची एक गोष्ट नीट समजून घे, कारण सगळा बेत तिच्यावर उभा आहे. अमेरिकेत साध्या (इंटरनेटवरच्या नव्हे) रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे लिहिणाऱ्याला आणि पब्लिशरला मिळतात, गाणाऱ्याला नाही. सीडी किंवा डाउनलोडमागे लेखनाचा ठरलेला दर २०२५ मध्ये प्रत्येक गाण्याला १२.७ सेंट होता, आणि तो लेखक-पब्लिशरांत वाटला जातो. स्ट्रीमिंगचं तर बोलायलाच नको. पब्लिशर नव्या लेखिकेला दरमहा जे देतो ते दिसतं पगारासारखं, पण असते उचल. पुढच्या रॉयल्टीतून वळती होते. आणि हक्क कोणाला देते आहेस ते वाचून सही कर. कंट्री गायिका-लेखिका डॉली पार्टनकडे एल्व्हिस प्रेस्लीच्या मॅनेजरने तिच्या एका गाण्याचे अर्धे प्रकाशनहक्क मागितले होते, ते दिले तरच एल्व्हिस ते गाणार होता. ती नाही म्हणाली. त्या रात्री रडली असं तिनेच सांगितलं आहे, आणि पुढे त्याच गाण्याने तिला अमाप पैसा दिला.

यातलं बरंच निफाडला बसून सुरू होतं. गाणं वाजल्याचे पैसे लेखकांसाठी गोळा करणाऱ्या भारतातल्या आयपीआरएस या संस्थेची सभासद हो. तिचे बीएमआय आणि अॅस्कॅप या इथल्या तसल्याच संस्थांशी करार आहेत. नॅशव्हिल साँगरायटर्स असोसिएशन ही १९६७ पासूनची संस्था आहे. तिची सभासद ऑनलाइन होता येतं, गाणं पाठवून अनुभवी लेखकाचा अभिप्राय घेता येतो. गीतलेखक आपली गाणी गातात तो इथला ब्लूबर्ड कॅफे हल्ली तीच चालवते. १९८२ मध्ये एका बाईने, एमी कर्लंडने, दुकानांच्या एका साध्या रांगेत ते सुरू केलं. जेमतेम नव्वद खुर्च्या, आणि गाणं चालू असताना कोणी बोललं तर गप्प बसवतात. चार लेखक मधोमध गोल करून बसतात आणि आळीपाळीने आपापली गाणी गातात. कधी आलीस तर पहिली संध्याकाळ ब्रॉडवेवर न घालवता इथे घालव. ज्याचा आवाज तुझ्याहून कितीतरी साधा आहे असा माणूस एका कडव्यात सगळी खोली रडवतो, ते तुला बघायला हवं.

मुलगी म्हणून काय, हे तू विचारलं नाहीस, आईने विचारलं. २००० साली कंट्री रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांपैकी साधारण एक तृतीयांश बायकांची होती. ओटावा विद्यापीठातल्या जाडा वॉटसन यांनी मोजदाद केली तेव्हा २०१८ मध्ये ते प्रमाण ११ टक्क्यांवर आलेलं होतं. २०१५ मध्ये रेडिओच्या एका सल्लागाराने छापील मुलाखतीत म्हटलं होतं की रेडिओच्या सॅलडमधला पाला म्हणजे पुरुष, बायका म्हणजे टोमॅटो. त्यानंतर बायकांनी टोमॅटोचे टी-शर्ट काढले, पण लागोपाठ दोन गायिका वाजवू नयेत ही रेडिओवाल्यांची सवय तेवढ्याने सुटली नाही. त्यात आपला रंग. मिकी गायटन या कृष्णवर्णीय गायिकेला रेकॉर्ड कंपनीने २०११ मध्ये घेतलं, तिचा पहिला पूर्ण अल्बम यायला २०२१ उजाडलं. लुइझियानाच्या शेतकरी घरातली गायिका लेनी विल्सन २०११ मध्ये इथे आली, काही वर्षं कॅम्परमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहिली. पहिलं नंबर एकचं गाणं दहा वर्षांनी आलं. ती गोरी आहे, दक्षिणेकडची आहे, हेल अस्सल आहे, तरी दहा वर्षं. मला एका बारवाल्याने ‘तुझं नाव जरा सोपं कर’ असं सुचवलं होतं. मी केलं नाही, आणि त्याने पुन्हा बोलावलं नाही.

पण बायकांनी आपली जागाही केली आहे. ‘साँग सफ्रजेट्स’ हा फक्त लेखिका-गायिकांचा कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे, लिसनिंग रूम कॅफेत, सोमवारी. मैत्रिणी तिथे मिळतात, आणि कोणासोबत को-राईटला जाऊ नये याची यादीही. आईला सांग, रात्रीच्या रस्त्यांपेक्षा मला जास्त सावध राहावं लागलं ते ‘माझ्या घरी स्टुडिओ आहे, ये’ म्हणणाऱ्यांपासून. पहिली भेट ऑफिसात किंवा कॉफीच्या दुकानात, दिवसा, शक्यतो तिसरं माणूस असताना. इथल्या मुली हे बेधडक सांगतात आणि कामाच्या माणसाला त्याचा राग येत नाही.

राहण्याचं थोडक्यात. गाडीशिवाय भागत नाही, बस आहेत पण रात्री गिटार घेऊन उभं राहावं अशा नाहीत. टेनेसीत, म्हणजे नॅशव्हिलच्या राज्यात, पगारावर राज्याचा आयकर नाही, त्याची भरपाई तांदूळ-डाळीवरही लागणाऱ्या विक्रीकराने होते. नोलेन्सव्हिल पाइकवर कुर्दी बेकऱ्या आहेत. त्यांचा गरम नान भाकरीची आठवण तात्पुरती दाबतो. गणपतीचं देऊळ आहे.

आणि नॅशव्हिलच का? ऑस्ट्रेलियात टॅमवर्थला दर जानेवारीत मोठा कंट्री महोत्सव भरतो, रस्त्यावर गाणाऱ्यांना तिथे मान आहे. गायक कीथ अर्बन तिथली स्पर्धा १९९० मध्ये जिंकला आणि मग इकडे आला. डेहराडूनचा कंट्री गायक बॉबी कॅश आधी ऑस्ट्रेलियातच गाजला. २०२४ पासून भारतीयांना त्यांचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा खुला आहे: वय अठरा ते तीस, वर्षाला हजार जागा, सोडत काढून. काम करून राहता येतं, गाऊन पैसे घेता येतात. मी तुझ्या जागी असते तर या सोडतीत नाव आधी टाकलं असतं.

आता तुझी गाणी. तिन्ही ऐकली. चाली चांगल्या आहेत, दुसऱ्या गाण्याचं धृपद तर मला हेव्याने ऐकावं लागलं. पण त्यांत पिकअप ट्रक आहे, व्हिस्की आहे, जॉर्जियातला कच्चा रस्ता आहे. हे इथल्या हजार मुलींनी तुझ्याहून खरं लिहिलं आहे, त्या त्या रस्त्यावर वाढल्या आहेत. तू लासलगावच्या शेजारी वाढलीस. ट्रॅक्टर रात्रभर रांगेत, सकाळी लिलावात भाव पडलेला, आणि परत येताना बाप काहीच बोलत नाही. हे तू मेलमध्ये सहज चार ओळींत लिहून गेलीस आणि गाण्यात कुठेच नाही. म्युझिक रोच्या कुठल्याही खोलीत ही गोष्ट सांगितलीस तर लोक हातातले कॉफीचे मग खाली ठेवतील. ते गाणं लिही, इंग्रजीत, तीन कॉर्डमध्ये, बाजार समिती काय असते हे न समजावता. फोनवर रेकॉर्ड केलेलं चालेल, एकच गिटार, आवाजावर इको नको. आणि बाबांच्या गप्प बसण्याला दुसरं कडवं पूर्ण दे, घाईने धृपदावर येऊ नकोस.