पोटाचा घेर आणि डिमेन्शिया: तुझं उत्तर वेगळं, आईचं वेगळं

भावा, तू दोन प्रश्न विचारलेस आणि दोन्हीची उत्तरं एकमेकांच्या उलटी आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पहिला, तुझं वय ४४, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा) २२, वजन बरोबर आहे पण पँटची कंबर दरवर्षी वाढत चाललीय, तर पोटाच्या चरबीमुळं पुढं डिमेन्शियाचा, म्हणजे म्हातारपणी स्मृती आणि समज हळूहळू जाण्याच्या आजाराचा, धोका वाढतो हे खरं का. दुसरा, आई ७२ वर्षांच्या, त्यांनाही पोट आहे, शुगरच्या गोळ्या चालू आहेत, हल्ली विसरायला लागल्यात, तर त्यांचं रात्रीचं जेवण बंद करून पोट उतरवावं का.

दुसऱ्याचं आधी सांगतो कारण त्याची घाई आहे. बंद करू नकोस. शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की वर पोटात अन्न नसलं की साखर एकदम खाली येते, आणि या वयात साखर वरचेवर खाली जाणं मेंदूला लै वाईट. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळचं जेवणसुद्धा कमी करायचं नाही.

आता तुझं. मी डॉक्टर नाही, पण वडिलांना या आजारात शेवटपर्यंत घरीच सांभाळलं आणि तेव्हापासून यावर मिळेल ते वाचत आलोय. कॅलिफोर्नियात १९६४ ते १९७३ या काळात चाळिशीतल्या साडेसहा हजार लोकांच्या पोटाची जाडी, म्हणजे पाठीपासून पोटापर्यंतचं अंतर, मोजून ठेवलं होतं, मग सरासरी ३६ वर्षांनी त्यातल्या कुणाला डिमेन्शिया झाला ते बघितलं. ज्यांची पोटं सगळ्यात मोठी त्यांच्यात धोका सगळ्यात सपाट पोटवाल्यांच्या जवळजवळ पावणेतीन पट निघाला. आणि तुझ्यासाठी महत्त्वाचं हे की वजन नॉर्मल पण पोट मोठं अशा लोकांतसुद्धा तो सुमारे दुप्पट होता. २००८ साली हे छापून आलं. आता यावरून पोटामुळंच झालं असं सिद्ध होत नाही, संबंध दिसतो एवढंच, पण संबंध दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

बीएमआय २२ बघून निवांत का राहायचं नाही याचं उदाहरण तर आपल्या पुण्याचंच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो आकड्यांसकट छापून आला. आपली माणसं वरून बारीक आणि आतून चरबीवाली असतात ते असं. म्हणून काट्यापेक्षा टेप घे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोज. आपल्याकडं पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात.

आता पोटाचा आणि डोक्याचा काय संबंध. चिमटीत येते ती चरबी कातडीखालची, ती त्यामानानं बिनघोर. खरी त्रासदायक ती आत, आतड्यांच्या भोवती साठते ती. तिच्यातून सुटलेली फॅट थेट लिव्हरला जाते, इन्शुलिन नीट काम करेनासं होतं, अंगात बारीक सूज कायम राहते, बीपी आणि शुगर वाढते, आणि या सगळ्याचा मार मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर बसतो. शिवाय इन्शुलिन मोडणारं एन्झाइमच अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, मेंदूत साठणारं अमायलॉइड हे प्रथिनही मोडतं, त्यामुळं इन्शुलिन सतत जास्त असलं की ते तिकडंच गुंतून पडत असावं असाही एक अंदाज आहे.

ही आतली चरबी पट्टा बांधून, पोटाला मशीन लावून जात नाही, नुसते क्रंचेस मारूनही नाही. लायपोसक्शननं काही बायकांची किलो-किलोनं कातडीखालची चरबी काढली होती, तरी त्यांचं इन्शुलिन काही सुधारलं नाही. चालण्यानं मात्र उतरते, कधीकधी वजनकाटा हललेला नसतानाही उतरते. रंकाळ्याला रोज फेरी मार, पण रमतगमत नको, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. आठवड्यातून दोन दिवस दंड-बैठका घाल. आपल्याकडं एक गोष्ट मी कायम बघत आलोय, पोरं विशीत तालमीत घाम गाळतात, मग नोकरी लागते, तालीम सुटते पण खुराक सुटत नाही, दूध, तूप, रविवारचं मटण सगळं तसंच, आणि पस्तिशीनंतर पोट सुटतं. तांबडा-पांढरा सोड असं मी सांगणार नाही, मलाही सोडवत नाही, त्याच्यासोबतचा भात निम्मा कर, मिसळीवर पावाच्या जादा स्लाइस घेऊ नकोस, आणि दारू असेल तर ती आधी कमी कर. बीपी आणि शुगर वर्षातून एकदा बघच.

आता परत आईंकडं. लंडनच्या सरकारी नोकरदारांचा व्हाइटहॉल म्हणून मोठा अभ्यास आहे, दहा हजारांवर माणसं. त्यात पन्नाशीत लठ्ठ असणाऱ्यांना डिमेन्शियाचा धोका जास्त दिसला, पण साठी-सत्तरीतल्या लठ्ठपणाचा तसा संबंध दिसला नाही. उलट ज्यांना पुढं डिमेन्शिया झाला त्यांचं वजन निदानाच्या सुमारे आठ वर्षं आधीपासून घसरायला लागलं होतं. म्हणजे या वयात वजन आपोआप उतरायला लागलं तर ‘बरं झालं बारीक झाली’ म्हणून खूश व्हायचं नाही, तपासायचं. आणि उपाशी ठेवून उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, मग पडणं, हाड मोडणं, अंथरूण. त्यांना डाळ, अंडी, दही व्यवस्थित दे आणि संध्याकाळी सोबत घेऊन चाल.

विसरणं सुरू झालंय तर बी १२ आणि थायरॉइड आधी कर. शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी १२ कमी पडू शकतं, आणि त्यानंही विसरायला होतं, ते भरून काढता येतं. कानही तपास, ऐकू न येणं हासुद्धा डिमेन्शियाच्या टाळता येणाऱ्या कारणांत धरतात, आणि घरचे मात्र म्हणत बसतात की सांगितलेलं लक्षातच राहत नाही. डॉक्टरांकडं जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून ने, झोपेच्या आणि सर्दीच्यासुद्धा. आणि काय विसरतात, कधीपासून, ते कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात दे. आईंसमोर मोठ्यानं सांगत बसू नकोस, त्यांना ते लागतं.